भाऊकाकांच्या उजेडाच्या उपचाराबद्दल

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

‘नॅनो औषध टोचायचं, उजेड पाडायचा, ऑपरेशनची गरज नाही’ हा कॅन्सरवरच्या उपचाराचा मेसेज निपाणीत अन्ननलिकेचा कॅन्सर झालेल्या भाऊकाकांपर्यंतही पोचलाय म्हणे. म्हणून सविस्तर लिहिते.

उपचार खोटा नाही. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरने घास अडकतो अशा पेशंटसाठी पोरफिमर सोडियम हे औषध अमेरिकेत 1995 पासून मान्य आहे. वजनाच्या किलोमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या माणसाला 110, शिरेतून देतात. मग 40 ते 50 तासांनी दुर्बिणीतून बारीक फायबर घालून 630 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर साडेबारा मिनिटं सोडतात. उजेड पडला की औषध जवळच्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो कॅन्सरच्या पेशी मारतो. पण तांबडा उजेड मांसात जेमतेम पाच-दहा मिलिमीटर शिरतो. गाठ अन्ननलिकेच्या भिंतीबाहेर किंवा लसिकाग्रंथीत गेली असेल तर तिथे तो पोचतच नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांना जोडणारं भोक पडलं असेल तर हा उपचार करायचाच नसतो. म्हणून बेळगावच्या डॉक्टरांना पहिलं हेच विचारा: गाठ किती खोल आहे?

आता नॅनोचं. उजेडाने काम करणारी अशी बरीच औषधं पाण्यात विरघळत नाहीत. रक्तात त्यांच्या गुठळ्या होतात आणि गुठळीतलं औषध उजेड पडूनही नीट काम करत नाही. म्हणून ते शंभरेक नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चरबीच्या किंवा पॉलिमरच्या कणांत भरतात. कण फार बारीक झाला तर लघवीवाटे जातो, मोठा झाला तर यकृत आणि प्लीहा गिळतात. आधीच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा 2016 मध्ये निघाला, त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेला मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधला) वाटा निघाला 0.7 टक्के, आणि तोही प्राण्यांतला. तेव्हा कुणी काकांना ‘नॅनो’ देऊ म्हणालं तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा. औषधाचे पैसे मागत असतील तर तिथून उठा. संमतीपत्र मराठीत घ्या, नुसत्या कन्नड-इंग्रजी कागदावर काकांची सही नको.

साधं पोरफिमर द्यायचं ठरलं तर घरची तयारी मोठी आहे. औषध कातडीत राहतं, म्हणून किमान 30 दिवस ऊन वर्ज्य. सनस्क्रीन उपयोगाचं नाही, कारण त्रास डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचाच होतो. दवाखान्यातून घरी सूर्य मावळल्यावर आणा. माजघरातल्या काचेच्या कौलाखाली आणि खिडकीच्या उन्हात काकांना बसू देऊ नका, कौलावर पोतं टाका. बाहेर पडावंच लागलं तर पूर्ण बाह्या, हातमोजे, टोपी, काळा गॉगल. पण अंधारी खोलीही नको! घरातल्या साध्या दिव्याच्या उजेडात कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं, ते हवंच.

महिन्यानंतर कागदी पिशवीला दोन इंचाचं भोक पाडून त्यात हात घाला आणि दहा मिनिटं उन्हात धरा. 24 तासांत लाली, सूज, फोड नाही आला तर हळूहळू उन्हात जायला हरकत नाही. आला तर आणखी दोन आठवडे थांबून पुन्हा बघा. चेहऱ्यावर हे करू नका, डोळ्यांभोवतीची कातडी जास्त नाजूक असते.

डॉक्टरांनी ऑपरेशन किंवा केमो-रेडिएशन सांगितलं असेल तर ते या मेसेजपायी एक दिवसही पुढे ढकलू नका. सीटीचा आणि दुर्बिणीचा रिपोर्ट फोटो काढून पाठवा. काकांना पातळ पेज तरी उतरते का, तेही कळवा.

तुमची,
वैशू