मा. मंत्रीमहोदय, शरणपूर रोडवरचा फलक कुठे अडला?

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझा अर्ज तीन खात्यांतून फिरून आलाय आणि तो आपला नव्हेच, यावर तिघांचंही एकमत आहे. तेव्हा ज्यांना लागू पडेल त्यांनी हे पत्र आपलं समजावं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये नाशिकच्या एका कार्यक्रमात आपण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "सर, सहा महिन्यांत फलक लागलेला दिसेल." फोटोही निघाला. तो आपल्या फेसबुकवर अजून आहे. त्यात आपण पूर्ण दिसता, माझं डोकं अर्धं कापलं गेलंय. गेल्या मंगळवारी लेखी उत्तर आलं, एका ओळीचं: "सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे." खाली सही. सहीखाली नाव नाही.

मागितलं काय होतं? चार फूट बाय तीन फुटांचा एक फलक, जेकब वेनराइट नावाच्या पोराच्या आठवणीचा.

आपण शरणपूर रोडनं नेहमी जाता, पण सायरन लावून, म्हणून सांगतो. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी इथं वसाहत केली. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकी मुलं इंग्रजी आरमार समुद्रात सोडवायचं, मुंबईला उतरवायचं. त्यांतली काही नाशिकला आली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. याओ जमातीचा. घरी आई त्याला जेकब म्हणत नसणार, एवढं नक्की.

१८७२ मध्ये तो लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या मदतीला गेलेल्या तुकडीतून आफ्रिकेत परतला. १ मे १८७३ ला, आजच्या झांबियात चितांबोच्या गावात, लिव्हिंग्स्टन वारला. सोबतच्यांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. प्रार्थना वेनराइटनं वाचली, झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि हजार मैलांहून जास्त वाट तुडवत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत हा नाशिकच्या शाळेतला पोरगा होता. इथल्या पुष्कळ जणांना पुढं केनियात मोंबासाला फ्रिअरटाउनमध्ये वसवलं. नाव अर्थात मुंबईच्या माजी गव्हर्नरसाहेबांचं, बार्टल फ्रिअर यांचं. तिथली घंटा आजही जपून ठेवलीय. आणि आमच्याकडे? सीबीएस बसस्थानकापासून कॅनडा कॉर्नरपर्यंत चालत मी वाढदिवसाचे त्रेचाळीस फलक मोजले. दोन-चार इकडेतिकडे होतील, उन्हात चष्मा घामेजतो. एकाला पाच हजार धरा, आणि हिशेब आपणच करा.

वर्गात हे सांगितलं की एखादा हुशार विचारायचाच, "मग सर, इंग्रज चांगले होते का?" मी त्याला १८३३ सांगायचो. पार्लमेंटनं गुलामगिरी बंद केली आणि २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, मालकांना. गुलामाला दमडी नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश जनता २०१५ पर्यंत फेडत होती. फ्रान्स तर आणखी पुढचा. हैतीच्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, तर १८२५ मध्ये त्यांच्याच मानेवर १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली. आणि ही नाशिकची मुलं सुतारकाम शिकत होती त्याच सुमारास, १८६८ मध्ये, मुंबईहून इंग्रजांची फौज इथिओपियावर गेली आणि तिथल्या सम्राटाचा मक्डाला किल्ला लुटून आली. लूट वाहायला पंधरा हत्ती आणि दोनशेच्या आसपास खेचरं लागली. हत्तीही इथूनच नेलेले.

लुटीवरून आठवलं. त्र्यंबकेश्वराचा नासक हिरा. १८१८ मध्ये कंपनीच्या हाती गेला, लंडनच्या जवाहिऱ्यांकडे विकला गेला, वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं तलवारीच्या मुठीत बसवला, १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निघाला. त्याचं नाव आपल्या एका तरी भाषणात ऐकू द्या. वाघनखं आणलीत, तीन वर्षांच्या उसनवारीवर. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजारांना घेतलीत. आपलाच माल आपल्याच पैशानं सोडवून आणायचा आणि वर ढोल वाजवायचे! वाजवा. मला तलवारीचं वावडं नाही. पण ४७ लाखांत असे किती फलक झाले असते?

आता माझं. अर्ज सहा वेळा केला. झेरॉक्सचे दोन हजार तरी गेले. लिफ्ट बंद, कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, वय ७१, डाव्या गुडघ्याची गादी झिजलेली. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." "टपालात टाका." "आवक नंबर आणलात का?" नंबर आणला तर वही बदललेली. आमच्या देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत पडलेले गोरे सोल्जर भ्रमिष्ट व्हायचे म्हणतात. 'डूलाली' हा शब्द इंग्रजीत त्या अर्थानं अजून चालतो. त्यांना निदान बोट येणार होती. मी त्या बाकावर एका जून महिन्यात अकरा दिवस काढलेत. घरी ही म्हणते, "अहो, तुम्हाला त्या आफ्रिकेतल्या पोराचं काय पडलंय?" तिलाही उत्तर देऊन थकलो.

आणि हे कार्यालय तरी कुणाचं? १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनला गोळ्या घातल्या, तो नाशिकचा कलेक्टर. आज पाटी 'जिल्हाधिकारी' अशी आहे, लोक मात्र अजून कलेक्टरच म्हणतात. लोकांना कळतं. देशातल्या पोलिस कायद्याचा साचा १८६१ चा, १८५७ नंतर धाक बसवायला केलेला. आमच्या वडिलांची अडीच एकर १९८६ मध्ये गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं. राणी व्हिक्टोरियाचा कायदा, सही मात्र आपल्याच माणसाची. कालव्याचं कारण सांगितलं होतं. कालवा झालाच नाही, तिथं आज गोदाम आहे. वाढीव मोबदला आला तेव्हा वडिलांचं दहावं होऊन चार वर्षं झाली होती. तो कायदा बदलायला आपल्याला २०१३ उजाडावं लागलं. स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षं! इंग्रजांना शिव्या मीही देतो, रोज देतो. पण त्यांची खुर्ची, त्यांची लाल फीत, 'कळविण्यात येते' ही त्यांची भाषा, सगळं तुम्ही वडिलोपार्जित असल्यासारखं जपलंत. केनियात १९५० च्या दशकात ब्रिटिश राजवटीत छळ झालेल्या ५,२२८ जणांपुढे ब्रिटननं २०१३ मध्ये खेद व्यक्त केला, १ कोटी ९९ लाख पौंड मोजले, वकिलांच्या खर्चासकट. त्यांनी निदान समोर पाहून कबूल केलं. तुम्ही सहीखाली नाव लिहीत नाही.

असो, फार लिहिलं. फलकाचा मजकूर सातव्यांदा सोबत जोडतोय, मराठीत अकरा ओळी. चितांबोमधला 'चि' ऱ्हस्व आहे, रंगाऱ्याला सांगा. खाली सौजन्य म्हणून आपलं नाव घाला, फोटोही घाला, माझी हरकत नाही. फक्त वेनराइटचं नाव त्याहून मोठ्या अक्षरात असावं.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
शरणपूर रोड, नाशिक

ता. क. गुडघ्याचं ऑपरेशन चौदा तारखेला आहे. त्यानंतर दीड महिना जिना चढता येणार नाही. उत्तर द्यायचं झालं तर पोस्टानं पाठवा, "प्रत्यक्ष येऊन भेटा" असं कळवू नका.