येऊ नकोस म्हणालो, त्याचं कारण

अकोला, ४ मे

चि. सौ. मीनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मे महिन्यात इकडे येऊ नकोस" एवढंच म्हणालो आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर तुझ्या आईनं मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला ठाऊक नाही का? पण बाहेर ४४ आहे. रात्री अकरालाही भिंत तव्यासारखी लागते. नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, लाईटचाही नाही. २०२४च्या मे महिन्यात उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं, तेव्हा तूच हसली होतीस.

पाणी पितेस ना? तहान लागायची वाट पाहू नकोस. पोटुशा बाईच्या अंगाला स्वतःची आणि बाळाची, अशी दोघांची उष्णता बाहेर टाकावी लागते. बाहेर तापलं की रक्त कातडीकडे धावतं, वारेकडे, म्हणजे बाळाकडे, कमी पडू शकतं. अंगातलं पाणी आटलं तर कळाही अवेळी सुरू होऊ शकतात. पोट थांबून थांबून घट्ट व्हायला लागलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर गॅसेस असतील म्हणून बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. आणि दुपारी स्कूटर काढायची नाही म्हणजे नाही.

झालं, मास्तर सुरू झाला. माफ कर.

पण मास्तरानं गणितही मांडलंय. २०२० साली बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष निघाला: तापमान एक अंशानं चढलं की मुदतीआधी बाळंत होण्याचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, उष्णतेच्या लाटेत १६ टक्क्यांनी. आपल्या देशात तशीही शंभरातली १३ बाळं सदतीस आठवडे भरायच्या आत येतात. म्हणजे लाटेत १३ची फार तर १५ होतील. मांडलं होतं तुला धाक घालायला, पण उत्तर पाहून मलाच जरा बरं वाटलं. मग रात्री पुन्हा झोप नाही. त्या वरच्या दोघांत कोण, हे गणित सांगत नाही.

तुझ्या जन्माची गोष्ट आपल्याकडे नेहमी हसत सांगतात. "मीनूला फार घाई होती." मीही तशीच सांगत आलो. त्या वर्षी कूलर घ्यायचा होता. पैसे बेबीच्या लग्नात गेले आणि मी म्हणालो, पुढच्या वर्षी घेऊ. आई आठव्या महिन्यात गच्चीवर कुरड्या घालत होती, हापशीवरून पाणी आणत होती. मी शाळेचे निकाल करत बसलो होतो. चौथ्या दिवशी तू आलीस. पावणेदोन किलो. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि तुला कापसात गुंडाळून वर बल्ब लावून ठेवलं होतं. एवढ्याशा जिवाला भर मे महिन्यात थंडी वाजते, हे मला तिथं कळलं. शेजारची म्हातारी "आठव्याचं वाचत नाही" म्हणाली होती. तुझं एमटेकचं पेढ्याचं ताट मी आधी तिच्याच घरी नेलं.

उन्हामुळंच झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तेव्हा असं कुणी विचारतही नसे. पण मी तीस वर्षं विचारतोय.

तर पोरी, राग धरू नकोस. पुण्यात ४० झालं तरी रात्र उतरते. फक्त तुमचं घर गच्चीखालचं, सहाव्या मजल्यावर, तेवढं मला खटकतं. अहमदाबादला शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावरून खाली हलवला, तर उन्हानं आजारी पडणारी तान्ही बाळं कमी झाली. जावईबापूंना म्हणावं, गच्चीवर पांढरा चुना मारून घ्या. त्यांना वाईट वाटणार नसेल तर मी सोसायटीच्या चेअरमनशी बोलतो. नको, राहू दे, तूच बघ.

तू इकडे यायचं नाहीस, आई तिकडे येते. शुक्रवारी महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघतेय, साडी आणि पन्ह्याचा गर घेऊन. हिरवी पिशवी ती विसरणार, आठवण कर. मी मागाहून येईन, नाहीतर इथं कुंड्यांना पाणी कोण घालणार?

आणि एक. काल तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बाजारात जाऊन मोठा कूलर आणला. तुझ्या खोलीच्या खिडकीत बसवलाय, वाळ्याच्या ताट्या लावल्यात. आई म्हणते, येऊ नकोस म्हणता आणि कूलर बसवता? पाऊस पडला की बाळाला घेऊन ये. तेव्हा त्याची गरज लागणार नाही, ते मलाही कळतं.

तुझा,
बाबा

ता. क. ताकात मीठ घालून घे. आणि बाटली उशाशी ठेव.