फॉरवर्ड नको, दोन शब्द स्वतःचे लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी सुविचारांचा पाऊस पडतो, फुलं, सूर्योदय आणि खाली कुणाचंतरी वाक्य, पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यातून खरा धीर मिळतो का? गेल्या वर्षी माझी नोकरी गेली तेव्हा मी ग्रुपवर तसं लिहिलं, खाली पंधरा-वीस हात जोडलेले इमोजी आले आणि लगेच पुढचा फॉरवर्ड. फक्त एका ताईंनी वेगळा मेसेज केला, 'तुझा बायोडाटा पाठव, मी बघून देते, आणि आज जेवलास का?' त्यांना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेलो नाही, पण तो मेसेज अजून जपून ठेवलाय.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ पासून फॉरवर्ड मेसेजवर तसं लेबल लावलं आणि २०२० पासून खूप फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला पाठवता येतो, ते अफवा रोखायला होतं हे खरं, पण त्या दोन बाणांवरून वाचणाऱ्यालाही कळतंच ना की हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही. नाव घेऊन लिहिलेली एक ओळ, अगदी अशुद्ध असली तरी, थेट मनाला भिडते. आणि दुःखात असलेल्याला लगेच 'पॉझिटिव्ह रहा' म्हणू नका हो, आधी काय झालं ते विचारा, ऐकून घ्या.

सगळ्या अ‍ॅडमिनना विनंती, आठवड्यातून एक दिवस फॉरवर्ड बंद ठेवून बघा. आम्ही रविवारी ठेवतो, कधीच न बोलणारे दोघं-तिघं आता लिहायला लागलेत.

– एक वाचक