भिंत आहे, पण कुलूपबंद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलींनी साहसी खेळांकडे वळावे, असे आमच्या तालुक्यातील महिला मेळाव्यात नुकतेच तीन वक्त्यांनी सांगितले. वळायचे कुठे, हे मात्र एकानेही सांगितले नाही, म्हणून हे पत्र.

मी अचलपूर तालुक्यातील शेतकरी घरातली, वय ६१. लहानपणी चिंचेच्या शेंड्यावर मुलांच्या आधी मी पोहोचत असे आणि त्याबद्दल आजीचा मारही खात असे. लग्नानंतर पुष्कळ वर्षे चढणे म्हणजे माळ्यावरचे डबे काढणे एवढेच उरले. वयाच्या ४४व्या वर्षी एका गिर्यारोहण शिबिरात स्वयंपाकाला म्हणून चिखलदऱ्याला गेले, तेव्हा दुपारची भांडी आवरल्यावर प्रशिक्षकांना भीतभीत विचारले आणि लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, वरून हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा सुरक्षापट्टा) आवळून तीसएक फुटांचा कातळ चढले. पऱ्हाटीचा कापूस वेचून राठ झालेली बोटे अर्ध्या पेराच्या खाचेतही टिकतात, हे त्या दिवशी कळले. पायांवर भरवसा ठेवायला मात्र पुढचे दोन हिवाळे लागले. आमच्याकडचा काळा पाषाण दिसायला अभेद्य असला तरी जागोजागी सुटलेला असतो, त्यामुळे प्रत्येक पकड आधी हाताने ठोकून पाहावी लागते आणि पोकळ आवाज आला की सोडून द्यावी लागते. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी कातळावर जाते. (सुरुवातीला यजमान शेजाऱ्यांना ‘माहेरी गेली’ असे सांगत, आता दोराची पिशवी तेच बसस्थानकापर्यंत आणून देतात.)

टोकियो ऑलिम्पिकपासून भिंतीवरील चढाईचा (स्पोर्ट क्लाइंबिंग) खेळ पदकांच्या यादीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८मध्ये एव्हरेस्ट गाठले, त्यांत एक मुलगीही होती. म्हणजे विदर्भात डोंगर कमी म्हणून मुली मागे राहतात, हे म्हणणे टिकत नाही. आमच्या जवळच्या एका क्रीडा संकुलात चढाईची भिंत उभी आहे, परंतु प्रशिक्षक नाही म्हणून उद्घाटनानंतर तिच्या आवाराला जे कुलूप लागले ते अद्याप निघालेले नाही. पकडींचे बोल्ट गंजण्यापूर्वी त्यांची तपासणी करावी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मानधनावर प्रशिक्षक नेमून ती भिंत मुलींना खुली करावी, एवढीच संबंधितांना विनंती आहे. प्रशिक्षकाच्या हाताखाली दोर धरायला मी विनामूल्य येईन. हल्ली उजवा गुडघा कुरकुरतो; पण दोर खाली उभे राहूनच धरायचा असतो.

आपली,
एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती