पैसे नकोत, पत्र लिही

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची ओळख झाली तेव्हा मी विज्ञानकथांचा नुसता फडशा पाडत होते, पण एकटीनं. पुस्तक मिटलं की विषय संपला. तुम्ही जुन्या फॅनझिनांचं, म्हणजे चाहत्यांनी हौसेनं काढलेल्या अंकांचं, एक बाड हातात ठेवलंत. किंमत विचारली, तर म्हणालात, "पैसे नकोत. वाच आणि पत्र लिही."

मला वाटलं, हा तुमचा मोठेपणा. ही फॅनडमची, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या वर्तुळाची, जुनी रीतच आहे, हे नंतर कळलं: अंकाच्या बदल्यात प्रतिक्रियेचं पत्र, नाहीतर स्वतःचा अंक, नाहीतर लेख.

"अंक आवडला" एवढंच मी कळवलं. तुम्ही तोच कागद परत धाडलात, समासात पेन्सिलीनं लिहून: "काय आवडलं? कुठे पटलं नाही?" दुसरं पत्र चार पानांचं झालं. प्रकाशाहून वेगवान यानांवरून मी एका लेखकाशी भांडले होते. तुम्ही ते जसंच्या तसं छापलंत आणि पुढच्या अंकात दोघांनी माझे मुद्दे खोडून काढले. किती आनंद झाला होता! कधी न भेटलेल्या माणसांनी माझं वाचन इतकं मनावर घेतलं होतं.

हे सगळं पत्रांतूनच उभं राहिलं, हेही तुम्हीच सांगितलंत. ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या १९२६ साली निघालेल्या 'अमेझिंग स्टोरीज' या विज्ञानकथांच्या मासिकात पत्रांखाली वाचकांचे पत्ते छापले जात. मग वाचक एकमेकांनाच लिहू लागले. १९३० मध्ये पहिलं फॅनझिन निघालं, १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे चाहत्यांचं जागतिक संमेलन, भरलं. आजही वर्ल्डकॉन स्वयंसेवकच चालवतात.

आणखी एका गोष्टीसाठी तुमची ऋणी आहे. आपल्यातले काहीजण नुसत्या वाचकांना कमी लेखायचे. तुम्ही कधीच नाही. शांतपणे वाचून पुस्तक जागेवर ठेवणाऱ्यांच्या जिवावरच हे साहित्य तगलंय, असं तुम्ही ठणकावून सांगायचात. उलट फॅनडममध्ये मुरलेल्या कित्येकांचं वाचन सुटलेलं असतं, ते मित्रांसाठी येतात. त्यांनाही तुम्ही तितक्याच मायेनं खुर्ची द्यायचात. मला मात्र उत्तर द्यायची ओढ होती. ती माझ्याआधी तुम्हाला दिसली.

तुमचा ताजा अंक मिळाला. तिसऱ्या पानावरचा मुद्दा मला मुळीच पटलेला नाही. सविस्तर पत्र वेगळं पाठवते आहे.

तुमची,
एक पत्रलेखिका