काटा, आरसा आणि आपण

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय पांडबा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो मिळाला. खांद्यावरच्या शिरा, पोटाचे कप्पे, सगळं निरखून पाहिलं. चार महिन्यांची मेहनत त्यात दिसते. पण परवा फोनवर तू सहज बोलून गेलास ते मनातून जात नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दोन जिने चढलं की दम लागतो, आणि शरीरसौष्ठवाच्या शोच्या आधी तीन दिवस पाणी तोडून जिममधल्या कुणीतरी दिलेल्या लघवीच्या गोळ्या घेणार आहेस. फोनवर तू मला पुढं बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितोय.

आपली ती कुस्तीची निवड चाचणी आठव. माझं वजन 66, उतरायचं होतं 61 मध्ये, तेही पाच दिवसांत. स्वेटरवर रेनकोट चढवून पळायचो, चूळ भरून पाणी थुंकून टाकायचो. शेवटच्या रात्री जीभ टाळूला चिकटली होती. सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी. वजन बसलं. तालमीच्या आरशात मी तेवढा कोरीव कधीच दिसलो नव्हतो. आणि दुसऱ्याच कुस्तीत पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, खाली गेलो तो वर आलोच नाही. मांड्यांत जीवच नव्हता. खांद्याला धरून तूच बाहेर आणलंस मला.

नंतर कारण कळलं. स्नायूत साठलेल्या साखरेच्या दर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. उपास केला की दोन्ही जातात, काटा झपाझप उतरतो आणि जोरही त्याच्याबरोबर जातो. लघवीच्या गोळ्यांनी तर रक्तातलं पोटॅशियम बिघडतं, आणि हृदयाचे ठोके त्याच्यावर चालतात. मला भीती आहे ती याची, पांडबा.

2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटनं एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. अंतिम फेरीच्या सकाळी 50 किलोच्या काट्यावर 100 ग्रॅम जास्त. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी बाद. त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि आपले खाशाबा जाधव? 1948 ला लंडनला 52 किलोत सहावे आले, 1952 ला हेलसिंकीला 57 किलोत कांस्य घेऊन आले. गट वर गेला आणि पदक आलं.

नुसत्या जोराच्या मागं लागणंही बरं नव्हे. आमच्या आबांचं बघ. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. रोज दोन लिटर दूध, तुपातला शिरा, थंडाई. पन्नाशीत साखर निघाली. आता संडासातून उठताना भिंतीचा आधार घेतात. ज्या माणसानं हजार बैठका मारल्या, त्याचे गुडघे!

शो करू नकोस असं मी म्हणणार नाही. तुझी हौस मला माहीत आहे. पण हा सोड, पुढचा धर. आठवड्याला अर्धा किलोच्या वर उतरू नकोस. बैठकांचा आणि पळण्याचा आकडा वहीत लिही. तो पडायला लागला की समज, चरबीबरोबर स्नायूही चाललाय. तुझ्या 70 किलोला दिवसाला शंभर-एकशे दहा ग्रॅम प्रथिनं लागतील. दोन अंड्यांत बाराच ग्रॅम मिळतात, तेव्हा डाळ, दही, चिकन वाढव. भाकरी तोडू नकोस. झोप सात तास. आणि शो झाल्यावर दोन महिन्यांत पोट सुटू देऊ नकोस, कंबर 90 सेंटिमीटरच्या आत राहू दे. हे मी आबांकडे बघून सांगतोय.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर ये, आपण सावकाश पळू. बीपीचं मशीन आणतोय. त्या गोळ्यांची पट्टी खिशात घालून आण, डॉक्टरांना दाखवू. तोवर एकही घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

वहिनींना सांग, नाश्त्याला मी घरीच आहे.

तुझाच,
विश्वास