देणगीचा पैसा आधी मातीत घाला

महोदय,

माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून महाविद्यालयात बेसबॉल-सॉफ्टबॉल संकुल करायचे म्हटले की लगेच अमेरिकेचे दाखले निघतात. ओक्लाहोमा विद्यापीठाचे 2024 मध्ये खुले झालेले ‘लव्हज् फील्ड’ हे सॉफ्टबॉल स्टेडियम त्यातलेच. महामार्गावरील पेट्रोलपंपांची साखळी चालवणाऱ्या कंपनीने त्याला 1 कोटी 20 लाख डॉलर दिले. फोटोत गॅलरी दिसते, जमिनीखालचा निचरा दिसत नाही. आपल्याकडे नेमका तोच राहून जातो.

त्याआधी जागेचा घोळ. ‘एकाच मैदानावर दोन्ही खेळ’ हा प्रस्ताव कागदावरच शोभतो. बेसबॉलमध्ये दोन बेसमधले (धावताना गाठायच्या टप्प्यांमधले) अंतर 90 फूट, सॉफ्टबॉलमध्ये 60. बेसबॉलचा पिचर 60 फूट 6 इंचांवरून, 10 इंच उंच माउंडवरून (मातीच्या उंचवट्यावरून) चेंडू टाकतो. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये 43 फुटांवरून, सपाट जमिनीवरून. म्हणजे बेसबॉलचा माउंड सॉफ्टबॉलच्या पिचरच्या पाठीमागे, ऐन इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आतल्या भागात, टेकाड होऊन बसतो. शिवाय सॉफ्टबॉलला इनफिल्ड पूर्ण मातीचे लागते, बेसबॉलला मध्ये हिरवळ. दोन स्वतंत्र मैदानांना मिळून साधारण साडेपाच एकर हवेत. तेवढी जागा नसेल तर सरळ सॉफ्टबॉलचे एकच मैदान नीट करावे. दीड-दोन एकरांत भागते.

खरी मेख मातीत आहे. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट डायमंड (चार बेसचा चौकोन) आखला तर एका पावसाळ्यात पातळी बिघडते. वरची काळी माती काढून मुरूम थराथराने रोलरने दाबावा आणि त्यावर इनफिल्डचे चार ते सहा इंच मिश्रण घालावे: वाळू 60 ते 70 टक्के, उरलेली चिकणमाती आणि गाळमाती. वाळू जास्त झाली तर स्पाइक्सखाली जमीन सरकते, चिकणमाती वाढली तर उन्हात फरशी होते. उतार 100 फुटांना सुमारे एक फूट.

हिरवळ आणि मातीच्या सांध्यावर तर कोणाचे लक्षच नसते. दाताळे मातीकडून हिरवळीकडे ओढले की कडेला वरंबा साचतो, त्याच्या आत पाणी तुंबते आणि जमिनीलगत येणारा चेंडू तिथे उसळून थेट तोंडावर येतो. दाताळे कडेला समांतर फिरवावे, माती सपाट करायला ओढायची चटई हिरवळीपासून फूटभर अलीकडे थांबवावी आणि कडेच्या गवतात शिरलेली माती दर आठवड्याला झाडून काढावी.

यासाठी माणूस लागतो, आणि त्याच्या पगाराला आपले नाव द्यायला कोणी देणगीदार पुढे येत नाही! म्हणून देणगीपत्रातच ठरावीक रक्कम मुदतठेवीत टाकून व्याजातून मैदान कामगार, पाणी आणि दरवर्षीची माती भागवण्याची अट असावी. स्कोअरबोर्ड नंतर.

आणखी एक. अमेरिकेत देणगी फक्त मुलांच्या बेसबॉलसाठी आली तरी 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे मुलींना तोडीच्या सोयी देण्यातून सरकारी मदत घेणाऱ्या महाविद्यालयाची सुटका होत नाही. तशी अट देणगीपत्रात घालायला आपल्यालाही कोणी अडवलेले नाही. मुलींच्या मैदानाला डगआउट (खेळाडूंची बसायची जागा), बॅटिंग केज (फलंदाजीच्या सरावाचा जाळीचा पिंजरा) आणि कपडे बदलायची खोली पहिल्याच टप्प्यात मिळाली पाहिजे.

– एक सॉफ्टबॉल प्रशिक्षक, जळगाव